शिमग्यात शिकलेला राखण्या

मला कुणी घाबरट म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण खरं ते खरं. संक्रांतीपासून मी माझ्याच गाडीला घाबरत होते.

गाडी म्हणजे शाळेची व्हॅन. आमच्या कुडवण्याच्या वाडीतून पोरं गोळा करायची, घाट उतरून खालच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची, हे काम मी, वासंती भुवड, कित्येक वर्षं करतेय. पोरं तोंडावर भुवडकाकी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते वाघजाई जाणे. संक्रांतीच्या आठवड्यात खापरीच्या वळणावर समोरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक आपली बाजू सोडून अंगावर आला. मी गाडी डावीकडं घातली आणि गटारात उतरवली. शमिका शिगवणचा गुडघा खरचटला, बाकी कुणाला काही झालं नाही. लोकांनी माझं कौतुक केलं, ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोर लावून गाडी वर काढली. विषय संपला.

माझ्या हातांना मात्र कुणी सांगितलं नाही विषय संपला म्हणून. दुसऱ्या दिवशी वळण दिसलं आणि हात गार पडले, बोटं स्टेअरिंगवर नुसती नाचायला लागली. पोरांना घेऊन तशीच उतरले घाट, पण घरी येऊन पडवीत जी बसले ती उठलेच नाही. मग गाडीवर खालच्या गावचा बदली ड्रायव्हर आला.

शाळा समितीचे साळवीसर भले माणूस. म्हणाले, "वासंतीताई, सावकाश बऱ्या व्हा. पण वार्षिक परीक्षेपर्यंत तुम्ही बसला नाहीत गाडीवर, तर तालुक्याची ती आपोआप चालणारी गाडी लावावी लागेल."

"सर, ती गाडी फाट्यापर्यंतच येते. वरचा आमचा रस्ता तिच्या डोक्यात शिरत नाही."

"मग पोरं फाट्यापर्यंत चालतील," सर म्हणाले. पण बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

चालतायत कसली! शमिकाची आई रेश्मा मला विहिरीवर स्पष्टच म्हणाली, "काकी, तुमची गाडी बंद झाली, तर मी चिपळूणला खोली बघणार." ती गेली की मुकादमांची सून जाणार, मग उरलेली. वाडीत आधीच दर दोन घरांमागं एकाला कुलूप. माझ्या या दोन हातांवर उरलेल्या घरांच्या चाव्या होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

तेवढ्यात शिमगा आला आणि माझ्या दिरांची आर्वी पुण्याहून आली. पोरगी हुशार, शरीराची आणि यंत्रांची सांगड घालणारं काहीतरी शिकलीय. आल्या आल्या तिनं पिशवीतून कानामागं बसणारी, चिंचोक्याएवढी एक काळी टिकली काढली.

"काकी, हा राखण्या. कंपनीनं नाव वेगळंच ठेवलंय, पण मी याला राखण्याच म्हणते."

राखणदार आम्हाला नवा नाही. वाडीच्या वेशीवर त्याचा दगड आहे, त्याला दरवर्षी नारळ देतो आम्ही. कानामागं बसणारा राखणदार मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"करतो काय हा?"

"दोन कामं." आर्वी माझ्यासमोर मांडी घालून बसली. "कानापासून एक नस निघते काकी, ती खाली काळजापर्यंत, पोटापर्यंत जाते. तिला विजेची अगदी हलकी थाप दिली की काळजाची धडधड उतरते, श्वास लांब होतो. आईनं पाठीवरून हात फिरवला की होतं ना, तसं. तू उगाच घाबरलीस की हा ती थाप देतो. आणि खरंच धोका असला की थाप देत नाही. उलट ज्या बाजूनं धोका असेल त्या बाजूच्या खांद्यावर टिचकी मारतो, म्हणजे तू तिकडं बघशील." टिचकीसाठी ब्लाउजच्या दोन्ही खांद्यांत शिवायला दोन बारीक बटणंही तिनं आणली होती.

"आणि उगाच कुठलं, खरं कुठलं, हे त्याला कोण सांगतं?"

"तूच. पहिले पंधरा दिवस हा फक्त शिकतो. तुझं शरीर कधी निवांत असतं, कधी दचकतं, हे बघतो. त्या वेळी आजूबाजूला काय चाललंय तेही बघतो, ऐकतो, हुंगतो. जिथं तू निवांत, ते त्याच्या लेखी सुखरूप. जिथं तू कासावीस, तो धोका. म्हणून पंधरा दिवस अगदी नेहमीसारखं राहायचं हं काकी."

"बरं," म्हटलं, आणि तिथल्या तिथं कानामागं लावला.

आता शिमग्यात कोकणात नेहमीसारखं काय असतं, हे कुणी मला सांगावं. पण ते ना तिला सुचलं ना मला. ती पुण्याची झाली तरी रक्त वाडीचंच. बाहेर ढोल वाजला आणि माझ्या आधी तीच अंगणात पळाली.

यंदाचा शिमगा तर विचारू नका! मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून चाकरमानी आले, बंद घरांची कुलपं निघाली, चुली पेटल्या. होम पेटला, त्याचा धूर वाडीभर कोंडला, माणसं बोंबलून बोंबलून घसा बसवून घेत होती. काळ्या झग्यातला, पांढऱ्या दाढीचा संकासुर न विचारता माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला आणि पुरणपोळी पळवून गेला. वाघजाईची पालखी अंगणात नाचली तेव्हा मशालींच्या ठिणग्या पदरावर पडल्या, तरी मी जागची हलले नाही. मग मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "या भुवडांच्या लेकीसुनांची, गुराढोरांची राखण कर गे माये!" आणि सगळी वाडी एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" माझे डोळे भरून आले. इतकं सुख मला वर्षात दुसरं नसतं. कानामागचा राखण्या गुपचूप बसून सगळं शिकत होता.

मग पालखी देवळात गेली आणि दोन दिवसांत वाडी रिकामी झाली. एकेक कुलूप लागताना आवाज येतो ना, तो मला सहन होत नाही. आमचे हे, म्हणजे सुधाकर, माणूस सोन्यासारखा, पण बोलण्यात भारी काटकसरी. "जेवलीस?" आणि "कडी लाव," एवढ्यावर दिवस काढतील. तर ते उरलेले दिवसही राखण्यानं पाहिले. शिक्षण पुरं झालं आणि तो कामाला लागला.

पहिल्या दिवशी चाळक्यांच्या बंद घरावरून जाताना डाव्या खांद्यावर टचकन टिचकी. मी गर्रकन वळले. कुणी नाही. नुसतं कुलूप. पुढं दिवेकरांचं घर, परत टिचकी. म्हटलं साप-बिप असेल, काठी आपटत चालले. काही नाही! मेल्यानं विहिरीपर्यंत मला नाचवत नेलं.

आणि त्याच संध्याकाळी चुलीवरची पेज लागली. करपली, धूर झाला, चुलीशेजारचं फडकं पेटलं. मी दचकले आणि लगेच कानामागून ती थाप आली, गोड, गरम. सगळं अंग सैल पडलं. मी पाटावर बसून त्या धुराकडं कौतुकानं बघत राहिले. हे धावत आले, फडक्यावर तांब्या ओतला आणि म्हणाले, "अगं, घर पेटवतेस काय?" लग्न झाल्यापासून एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण दुसऱ्या दिवशी मी गाडीवर बसले, मागं पोरांचा नेहमीचा गोंधळ, शमिकाची अखंड टकळी, आणि खापरीचं वळण आलं. हात गार पडायला लागले, तोच थाप आली. बोटं स्थिर! वळण असं घेतलं की बघत राहावं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग कशाला सांगते मी आर्वीला टिचक्यांचं आणि पेजेचं? ती म्हणाली असती, काढून ठेव. त्या आठवड्यात रेश्मानं चिपळूणच्या खोलीचं नाव काढलं नाही. साळवीसरांनी फाटकात उभं राहून हात केला. मी म्हटलं, राखण्या जरा खुळा आहे, पण आपलाच आहे.

परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी शाळा सुटली, पोरं घेऊन मी घाट चढायला लागले. उन्हाचा तडाखा, वरच्या कातळमाळाचं, सड्यावरचं गवत वाळून कोळ. खापरीच्या अलीकडं धुराचा वास आला. कुणीतरी बिडी टाकली असणार, सड्यावर वणवा लागला होता. वारा आमच्याकडंच होता, आणि बघता बघता धूर रस्त्यावर उतरला. कडेच्या झुडपांतून लाल जिभा दिसायला लागल्या.

पोरं उड्या मारायला लागली. "होळी! होळी! हुरा रे हुरा!" सगळी गाडी दणाणली.

आणि मी? मी खुशीत होते! थाप मागून थाप येत होती. धूर, आग, आरडाओरडा, राखण्याच्या हिशेबी वासंती भुवडच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण चालू होता. समोरचा रस्ता दिसत नव्हता, हे मला कळत होतं. पण ते कळणं कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखं होतं. मी गाडी धुरात घातली.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर टिचकी बसली. साधी नव्हे, चिमटा घेतल्यासारखी. मी आरशात बघितलं. मागं डावीकडं शमिका बसली होती, आणि शमिका गप्प होती. झोपेतही बडबडणारी पोरगी ती! एका एवढ्याशा जागेतल्या शांततेला राखण्या घाबरला होता.

"शमिका, काय झालं गो?"

"काकी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला पुढचं दिसतंय? मला नाय दिसत."

एका हातानं मी राखण्या कानामागून ओढला आणि खाली टाकला. भीती आली. अशी आली म्हणून सांगू! हात लटलटा कापायला लागले, पाय कापायला लागले. पण त्या कापऱ्या पायानंच ब्रेक दाबला. मला रस्ता दिसला, आग दिसली, मागं सात पोरं आहेत हे दिसलं. आणि धुराच्या पलीकडून, वरच्या अंगानं, जड गाडीची घरघर ऐकू आली.

मागं जायला हवं होतं. वळणाच्या खाली पाणवठ्यापाशी रस्ता रुंद होतो, तिथवर. गाडी जुनी, मागच्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा धूर. पोरांना आता आग जवळून दिसली आणि होळी होळी बंद पडलं. मुकादमांचा रेहान रडायला लागला. एक रडलं की सगळी रडणार, हे कुठल्याही आईला विचारा.

मला काय सुचलं कोण जाणे, मी मानकऱ्यांच्या सुरात खच्चून ओरडले, "हे माये वाघजायेऽऽ! काचा बंद केल्यात काय?"

सवयीनं, पाठ असल्यासारखी पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"डाव्या अंगाच्यांनो, गटार दिसतंय काय?"

"व्हय म्हाराजा!"

"उजव्या अंगाच्यांनो, कठडा हातभर लांब हाय काय?"

"व्हय म्हाराजा!"

गाडी मागं घेत होते, बैलगाडीच्या वेगानं. रेहान रडत रडत ओरडत होता, पण मागच्या काचेला नाक लावून बघतही होता. माझे हात कापत होते, तर म्हटलं कापा. स्टेअरिंग सोडू नका म्हणजे झालं.

"मागं रस्ता मोकळा हाय काय?"

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा!" शमिका किंचाळली. "नाय! दगड हाय, डावीकडं!"

आजवर गाऱ्हाण्याला कुणी नाय म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्या गावच्या इतिहासात तो पहिलाच नकार असावा. मी कचकन थांबले, उजवीकडं कापलं, दगड चुकवला आणि पाणवठ्याच्या रुंद जागेत गाडी आत घेतली. हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुढच्या श्वासाला चिऱ्याचा ट्रक धुरातून बाहेर आला, आमच्याच बाजूनं, आणि जिथं मी आधी उभी होते तिथून घसरत आमच्या समोरून खाली गेला.

मग शमिकाची टकळी सुरू झाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी ढसाढसा रडले. पोरांनी मला त्यांच्या बाटल्यांतलं पाणी पाजलं.

संध्याकाळी फोनच्या पडद्यावर आर्वीला सगळं सांगितलं. आधी ती पांढरी पडली, मग स्वतःवरच चिडली. "शिमग्यात! काकी, मी याला शिमग्यात शिकवलं! कंपनीत सांगितलं तर लोक हसतील मला." मग ती राखण्याची नोंद तपासायला लागली आणि एकाच जागी परत परत बघू लागली.

"काय गो?"

"वळणावर तुझं काळीज उडतं, ते दिसतंय. पण काकी, त्याहून जास्त दुसऱ्याच वेळी उडतं. दुपारी परतताना. शेवटचं पोर उतरलं, गाडी रिकामी झाली, की तिथून घरापर्यंत. रोज." ती जपून बोलत होती. "हा चुकीचं नव्हता शिकला. तुला ट्रकपेक्षा वाडी रिकामी होण्याची भीती जास्त आहे."

पडवीत हे सुपारी कातरत बसले होते. अडकित्त्याचा आवाज मध्येच थांबला.

समितीच्या बैठकीत मी काही लपवलं नाही. राखण्या, पेज, थाप, सगळं सांगितलं. सांगताना हात कापत होते, तेही लपवले नाहीत. साळवीसरांनी चष्मा काढला. "आणि आता यंत्र नसताना हात असे कापले तर?"

"कापू देत सर. ते कापायला लागले की मी गाडी हळू करते आणि दोनदा बघते. त्यासाठीच कापतात ते. आणि बघायला मी एकटी नाही."

रेश्मा मागून उठली. "सर, माझी पोरगी भुवडकाकींच्याच गाडीतून जाणार. आणि ती आपोआप गाडी, तिला नाय म्हाराजा कळतं काय, ते आधी विचारा." सगळे हसले, सरही हसले, आणि माझी गाडी माझ्याकडं राहिली.

आर्वी म्हणाली, राखण्याचं डोकं पुसून नव्यानं शिकवू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, आणि शिमगा सोडून ये. तोवर तो देव्हाऱ्याशेजारी डबीत आहे.

आता गाडीत प्रत्येकाला एक बाजू नेमून दिलीय. वळण आलं की गाऱ्हाणं. हात अजूनही थोडे गार पडतात. पोरांना ठाऊक आहे, ती म्हणतात, "काकी, हात?" मी म्हणते, "गार." मग सगळी आणखी डोळे फाडून बघतात. वाडीत शिरलो की बंद घरांचंही गाऱ्हाणं होतं, ही शमिकाचीच कल्पना.

"चाळक्यांचं कुलूप जाग्यावर हाय काय?"

"व्हय म्हाराजा!"

"दिवेकरांची कौलं?"

"नाय म्हाराजा! दोन सरकलीत!"

मग मी दिवेकरांना मुंबईला फोन लावते. आता तेच आधी फोन करतात, काकी, आमचं घर कसं आहे म्हणून. मे महिन्यात येतो म्हणाले, कौलं शाकारायला, चांगले पंधरा दिवस.

उरतो तो शेवटचा तुकडा. रेश्माच्या दारात शमिका उतरते, गाडी रिकामी होते आणि तिथून माझ्या घरापर्यंत मी एकटी. काळीज उडतंच. परवा उडालं तेव्हा मी काच खाली केली आणि वेड्यासारखी एकटीच मोठ्यानं ओरडले, "हे माये वाघजायेऽऽ! भुवडांच्या घरात कुणी हाय काय?"

ओरडले आणि माझं मलाच हसू आलं. तोच आमच्या पडवीतून, अडकित्ता बाजूला ठेवून उभं राहून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात यांनी साद दिली, "व्हय म्हाराजा!"